पान सदतीसचं शुद्धिपत्र

एकतीस वर्षांत बेरिल टॅन्सलीच्या चुकीमुळे कुणाची बाही आखूड झाली नव्हती. लेस्टरमधल्या एका लोकर कंपनीत तिचं काम एवढंच होतं: विणकामाची पत्रकं छापून दुकानांत जाण्याआधी तपासायची. बावन्न टाके घेतले, आठ ओळींत दोन-दोन कमी केले, तर शेवटी छत्तीस उरायला हवेत. पत्रकात अडतीस लिहिलंय? म्हणजे गावोगावच्या बायका अडतीसच्या भरवशावर खांदा विणणार, आणि मग रडत उसवणार. बेरिल ते अडतीस पेन्सिलीने खोडायची आणि पुढच्या ओळीला लागायची. ती नोकरीतून सुटली तेव्हा साहेबांनी भाषणात सांगितलं की मिस टॅन्सलीच्या टेबलावरून एकही चूक कधी बाहेर गेली नाही. खरंच होतं ते. मिरवण्यासारखं तिच्याजवळ दुसरं फारसं नव्हतं. उंच, लाकडी बाई. लग्न केलं नाही, कुणी फारसं विचारलंही नाही. पण हे एक होतं, आणि तिला ते पुरायचं.

गंमत अशी की तिने स्वतः आयुष्यात एकही स्वेटर विणला नव्हता. विणायची तिची थोरली बहीण एनिड. एनिड शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरांचं जेवण रांधून निवृत्त झालेली, गोल आणि बडबडी. नवरा वारल्यापासून हिंकलीला बेरिलच्या घरी राहायला आली होती. "तुला विणकामातला फक्त कागद कळतो," असं ती अधूनमधून म्हणायची. बेरिलला ते लागायचं, कारण तेही खरंच होतं.

त्या मे महिन्यात दोघी स्टोनलीच्या मैदानावर गेल्या त्या मांजरांचं प्रदर्शन बघायला. एनिडने तारीख चुकीची वाचली होती. मांजरं आदल्या आठवड्यातच आपापल्या घरी गेली होती, आणि मैदानभर घरी बांधलेल्या गाड्या उभ्या होत्या. एवढ्या लांब आलोय तर एक चक्कर मारू, म्हणून दोघी आत शिरल्या.

एका मांडवात रॉयस्टन पेक नावाचा ढेरपोट्या माणूस 'टर्नस्टोन' नावाची गाडी सुट्या भागांत विकत होता. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, फायबरचं अंग, खोकंभर ब्रॅकेटं आणि चौऱ्याण्णव पानांचं पुस्तक. गंजून मरायला टेकलेली एखादी जुनी गाडी आणायची, तिचं इंजिन, गिअर, ब्रेक काढून घ्यायचे आणि पुस्तकात सांगितल्याप्रमाणे या सांगाड्यात बसवायचे. लिंकनशायरमध्ये एक शेड, तो आणि दोन कामगार, एवढीच त्याची कंपनी. एनिड नमुन्याच्या गाडीत बसून पाय मोकळे करत होती. बेरिल गाडीकडे बघतही नव्हती. तिने पुस्तक उघडलं होतं.

"हे कुणी लिहिलंय?"

"मीच," रॉयस्टन म्हणाला.

"अकराव्या पानावर नऊ बोल्ट सांगितलेत. चित्रात आठच आहेत."

"एक जास्तीचा असतो. हरवला तर असावा."

"तो जास्तीचा तुम्ही चौदाव्या पानावर वापरलाय."

रॉयस्टनने पुस्तक तिच्या हातातून घेतलं, पानं उलटली, मान खाजवली आणि पुस्तक परत तिच्याच हातात दिलं. "बाई, हे घरी न्या. बाकीच्याही सापडतील तुम्हाला."

सापडल्या. तेवीस. बेरिलने आठवड्याभरात यादी करून पोस्टाने पाठवली. उत्तरादाखल एक कार्ड आलं: 'मनापासून आभार. वाचून कळण्यासारखं होतं ते तुम्ही सगळं शोधलंत. बाकीचं बांधल्याशिवाय कळायचं नाही.'

ते शेवटचं वाक्य तिच्या डोक्यात जे बसलं ते हलेना. इतकी वर्षं तिने दुसऱ्यांनी पाळायच्या सूचना तपासल्या. त्या पाळताना नेमकं काय होतं, हाताला काय लागतं, माणूस कुठे अडतो, हे तिने बघितलंच नव्हतं. नोव्हेंबरात ट्रकमधून सांगाडा उतरला तेव्हा एनिड दारात हात पुसत उभी होती.

"बल्ब बदलायला तू शेजाऱ्याला बोलावतेस. आणि गाडी बांधणार?"

"सूचना आहेत की."

"सूचना केकच्यापण असतात. तुझा केक विसरलीस का?"

गॅरेज रिकामं करावं लागलं. तिथला फ्रीझर पुढच्या खोलीत आला. एनिडने त्यावर टेबलक्लॉथ घातला, वर फुलाची कुंडी ठेवली आणि पाहुण्यांना ते कपाट असल्याचं सांगायला सुरुवात केली. मग एक जुनी जपानी गाडी आली, खालून जाळी झालेली. बेरिलने हातमोजे घातले आणि तिचे अवयव काढायला घेतले. पहिला बोल्ट निघायला दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की गंजलेला बोल्ट आधी थोडा घट्ट केला की मग सैल होतो. हे पुस्तकात कुठेच नव्हतं. तिला इतका आनंद झाला की ती पाना हातात घेऊनच स्वयंपाकघरात सांगायला आली.

पुढचे चार महिने बेरिल सुखात होती, हे सांगून टाकलेलं बरं. ती सकाळी सातला गॅरेजमध्ये जायची आणि एनिडने हाक मारली की जेवायला यायची. सांगाड्यात इंजिन बसलं. ते उलटं टांगलं गेलं होतं म्हणून परत काढलं. परत बसलं. वायरींना तिने कागदी खुणपट्ट्या बांधल्या होत्या, प्रत्येकीवर सुरेख अक्षरात नाव: मागचा दिवा, डावा, पंखा, हॉर्न. फेब्रुवारीच्या ओलीत गोगलगायी आल्या आणि त्यांनी पट्ट्या खाल्ल्या. एकोणसाठ वायरी, आणि दोऱ्यांना लोंबणारे कागदाचे कपटे.

"हॉर्नची तेवढी ठेवलीय," एनिड चष्मा लावून म्हणाली. "आवडली नसेल. तुझं काम तपासायला कुणीतरी भेटलं म्हणायचं."

बेरिलने महिनाभर एकेक वायर बॅटरीला लावून काय पेटतं ते बघितलं. तिला राग यायला हवा होता, पण खरं तर मजा वाटली. लावल्यावर काय होईल ते ठाऊक नसायचं. लावलं की कळायचं.

बांधता बांधता पुस्तकातल्या चुका सापडतच होत्या. मार्चपर्यंत यादी एकेचाळीसवर गेली. सदतिसाव्या पानावर तर धडधडीत छापलं होतं: 'पुढच्या चाकांचे कॅलिपर बसवताना जुन्या गाडीतला डावा उजवीकडे लावा, उजवा डावीकडे.' कॅलिपर म्हणजे ब्रेक दाबला की चाकाच्या तबकडीला चावणारा लोखंडी जबडा. डावं-उजवं उलटसुलट होणं ही तर पत्रकांतली सगळ्यांत जुनी खोड. स्वेटरचा डावा पुढा आणि उजवा पुढा यांची अदलाबदल बेरिलने नोकरीत निदान दोनशे वेळा पकडली असेल. तिने पेन्सिल उचलली: 'पान ३७. डावा डावीकडे, उजवा उजवीकडे असे वाचावे.' चहा निवायच्या आत ती पान अडतीसवर होती.

रॉयस्टन खूश झाला. त्याने यादीचं शुद्धिपत्र छापलं, वर ठळक अक्षरात लिहिलं, 'तपासणी: मिस बी. टॅन्सली', आणि त्या वेळी गाडी बांधत असलेल्या अकरा जणांना पाठवून दिलं. बेरिलने आपली प्रत पुस्तकाला टाचली. आपलं नाव छापलेलं तिने पहिल्यांदाच बघितलं; लोकरीच्या पत्रकांवर तपासणाऱ्याचं नाव नसतं.

एप्रिलमध्ये इंजिन सुरू झालं. समोरच्या घरातला कुत्रा दोन दिवस बाहेर आला नाही. आता फायबरचं अंग चढवायच्या आधी नुसत्या सांगाड्यावर सीट टाकून गाडी दारातून रस्त्यापर्यंत नेऊन आणायची, ही गाडी बांधणाऱ्यांची रीतच आहे. पण दारापासूनचा उतार थेट रस्त्यात जातो, आणि रस्त्यापलीकडे शेजाऱ्यांची विटांची भिंत. म्हणजे आधी ब्रेक हवेत. ब्रेकच्या नळ्यांत तेल भरायचं आणि आतली हवा काढून टाकायची. याला दोन माणसं लागतात. एक पेडल दाबतो, दुसरा चाकापाशी जबड्यावरचा बारका स्क्रू उघडतो, हवा फुसफुसत बाहेर येते, स्क्रू बंद, पेडल सोड. हवा संपेपर्यंत हेच.

एनिड विणकाम घेऊन सांगाड्यात बसली. "पायाला काम आहे, हात मोकळे आहेत," ती म्हणाली.

"दाब."

"दाबलं."

"धरून ठेव. ... सोड."

"सोडलं. कसं आहे?"

"तूच सांग ना, पाय तुझा आहे!"

"शाळेतलं कस्टर्ड याच्यापेक्षा घट्ट असायचं."

दुसऱ्या दिवशीही कस्टर्ड. आठवड्याने कस्टर्ड. बेरिलने नळ्यांचा प्रत्येक सांधा कागदी रुमालाने पुसून बघितला, कुठे ओल नाही. तेलाच्या पाच बाटल्या संपल्या. पेडलमागचा पंप नवा आणून बसवला. पेडल तरीही तळाला जायचं, ओल्या स्पंजावर पाय ठेवल्यासारखं. नळीत हवा होती, याबद्दल शंका नव्हती. ती येत कुठून होती? आणि येत नसेल तर जात का नव्हती? बेरिल जेवताना काटा हवेत धरून हाच विचार करत बसायची.

"घास गिळ," एनिड म्हणायची. "ब्रेक लागत नाही तोवर तो पोटात गेलेला बरा."

तिसऱ्या आठवड्यात बेरिलने रॉयस्टनला फोन लावला.

"हवा आहे," तो म्हणाला.

"हवा आहे हे मलाही कळतं, रॉयस्टन. का आहे ते सांग."

"आता बघा, तुम्ही एकट्याच नाही. वेल्समधला प्रॉसर तेच म्हणतोय. मार्केट हार्बरोचा एक पोस्टमन आहे, फॅन्शॉ, तोही. आधी कुणाची तक्रार नव्हती हो. पाइपवाला बदमाशी करतोय की काय कोण जाणे."

बेरिलने हातात पेन्सिल घेतली. "नावं सांग. ज्यांचे ब्रेक चांगले आहेत त्यांचीपण. आणि कुणाचं सामान कुठल्या महिन्यात गेलं तेही."

तिने तक्ता आखला. जुने गाडीवाले सहा, सगळ्यांचे ब्रेक उत्तम. पाइप सगळ्यांना एकाच दुकानाचे गेलेले. मग पाइपवाला सुटला. मार्चनंतर ज्यांनी ब्रेक बसवले ते चौघे: बेरिल, प्रॉसर, फॅन्शॉ, आणि केंडलची गणिताची शिक्षिका हेदर ब्रेथवेट. पहिल्या तिघांचं कस्टर्ड. मार्चमध्ये असं काय बदललं? पेन्सिल त्या रकान्यावर बराच वेळ थांबली. मार्चमध्ये एकच गोष्ट बदलली होती. शुद्धिपत्र.

मग तिने खालची ओळ बघितली. हेदर ब्रेथवेटला शुद्धिपत्र मिळालं होतं आणि तिचे ब्रेक, रॉयस्टनच्या शब्दांत, 'एकदम कडक' होते. शुद्धिपत्रात खोट असती तर तिचेही बिघडले असते. नाही बिघडले. म्हणजे शुद्धिपत्र निर्दोष. बेरिलने श्वास सोडला आणि पुढचे दोन दिवस हवामान, तेलाची जात, उंचावरची गावं, असल्या भलत्याच रकान्यांत घालवले. आपल्याला इतकं हायसं का वाटलं, हे तिने स्वतःला विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

गुरुवारी दुपारी चहाच्या वेळी एनिड कंबर धरून स्वयंपाकघरात आली. तीन आठवडे पेडल दाबून पाठ गेली होती. तिने किटली ठेवली, रबरी पिशवी घेतली, गरम पाणी ओतलं. मग पिशवीचं तोंड वर धरून पोटावर हळूच दाबत राहिली. आत बुडबुडा चढला, तोंडाशी फस्स झालं, पाणी काठाला आलं, आणि तिने बूच लावलं.

"आडवी धरून दाब बघू," बेरिल म्हणाली.

"का? पाणी सांडायला?"

"तोंड खाली केलंस तर?"

"तर सगळं पाणी माझ्या सपातांत, आणि हवा आत तशीच. असं काय विचारतेस? बरी आहेस ना?"

बेरिल उठून गेली होती. गॅरेजमध्ये जाऊन तिने गुडघे टेकले, मान वाकडी केली आणि डाव्या चाकामागे बॅटरीचा झोत टाकला. हवा काढायचा बारका स्क्रू जबड्याच्या तळाशी होता. ती उजवीकडे गेली. तिथेही तळाशी. स्क्रूतून तीन आठवडे बिचारं तेल निघत होतं आणि हवा वरच्या कोपऱ्यात आरामात बसली होती. जुन्या गाडीत हा जबडा चाकाच्या मागच्या अंगाला असतो. टर्नस्टोनमध्ये तो पुढच्या अंगाला येतो. पुढे आणला की तो उलटा होतो. स्क्रू परत वर यायचा असेल तर डावा उजवीकडे लावायचा आणि उजवा डावीकडे. पुस्तकात तसंच लिहिलं होतं.

ती तिथेच थंड फरशीवर बसून राहिली. एनिड पिशवी कमरेला धरून मागोमाग आली होती.

"काय झालं?"

"पान सदतीस बरोबर होतं."

"मग झालं की! सापडलं ना?"

"मी ते चूक केलं. आणि अकरा लोकांना पाठवलं."

एनिड खाली वाकली. तिने बेरिलच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो हात तेलकट झाला तरी काढला नाही.

रॉयस्टनने फोनवर ऐकून घेतलं आणि बराच वेळ हं हं केलं. "बरोबर आहे तुमचं. म्हणजे माझं. मीच तर आखलंय ते."

"मग शुद्धिपत्र छापताना तू वाचलं नाहीस?"

"पहिल्या वीस वाचल्या. वीसच्या वीस बरोबर निघाल्या. मग... म्हटलं, तुम्ही आहात म्हणजे बरोबरच असणार."

"मूर्खा! आणि असं उलट लावायचं कारण पुस्तकात का नाही लिहिलंस?"

"पान वाढलं असतं. ऐका बेरिल, त्रागा करू नका. मी नवं पत्र काढतो. 'छपाईतील दोष' असं लिहू. कुणाचं नाव नको, काही नको."

तिच्या मनात आलं की हे किती सोपं आहे. छपाईतला दोष. लोकर कंपनीतही कुणाची चूक झाली की असंच म्हणायचे, आणि असं म्हणणाऱ्यांची नावं ती मनात खोडून टाकायची.

"छापखान्याने काही केलेलं नाही," ती म्हणाली. "चूक माझी. माझं नाव घालून लिही. आणि पत्र जाऊन पोचेपर्यंत कुणी ती गाडी रस्त्यावर काढली तर? मला सगळ्यांचे फोन नंबर दे."

पहिला फोन वेल्सला. गेथिन प्रॉसर मेंढरं पाळायचा. मागे त्यांचा आवाज येत होता.

"ब्रेक? लागतात की. तीनदा दाबलं की लागतात. बायकोला घेऊन चर्चपर्यंत जाऊन आलो परवा."

"तीनदा दाबायला वेळ मिळाला नाही तर काय कराल?"

"तशी घाई नसते हो आमच्या रस्त्याला."

"मिस्टर प्रॉसर, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. तुमच्या ब्रेकमध्ये हवा आहे ती माझ्यामुळे. आत्ताच्या आत्ता जाऊन गाडीची किल्ली काढा आणि बायकोच्या हातात द्या."

"किल्ली नाही तिला. बटण आहे."

"मग बॅटरी काढून द्या!"

पलीकडे तो बायकोशी वेल्श भाषेत काहीतरी बोलला. बाई मोठ्याने हसली, मग एकदम हसायची थांबली. "ती म्हणते बॅटरी तिच्याकडे आली," प्रॉसर म्हणाला. "कपाटात ठेवणार आहे. आणि म्हणते, फोन केल्याबद्दल उपकार झाले."

दोघे जण अजून सदतिसाव्या पानापर्यंत पोचलेच नव्हते. एकाने पाकीट उघडलं नव्हतं. तिघे परदेशी फिरायला गेले होते आणि त्यांच्या गाड्या ब्रेकविना ठोकळ्यांवर होत्या. एका सद्गृहस्थांनी आदल्याच दिवशी जबडे बसवले होते; त्यांनी बेरिलला दहा मिनिटं फैलावर घेतलं, तिने एकदाही मध्ये तोंड घातलं नाही, फक्त शेवटी विचारलं, "स्क्रू वर आला की नाही ते बघून मला सांगाल?" एकाने ब्रेक बसवायच्या आधीच गाडी विकून टाकली होती. हेदर ब्रेथवेट शाळेतून चारला घरी यायची.

"मला वाटलंच होतं ते उलट आहे," हेदर म्हणाली. "मी पुस्तकाप्रमाणेच लावले. छान लागतात."

"मग कळवलं का नाही?"

"तुम्ही बाकी चाळीस ठिकाणी इतक्या बरोबर होतात. म्हटलं, आपल्यालाच काहीतरी कळलं नसेल. आणि उगाच कुणाला दुखवायचं कशाला..."

"मला दुखवायचं नाही म्हणून इतक्या माणसांच्या ब्रेकमध्ये हवा!"

"तसं बघितलं तर... हो. सॉरी हं."

"तुम्ही सॉरी म्हणू नका. सॉरी म्हणायला मी फोन केलाय."

"नाही नाही, मीच बोलायला हवं होतं. सॉरी."

हे दोन मिनिटं चाललं. फोन ठेवल्यावर बेरिलने तक्ता पुढे ओढला आणि केंडलच्या ओळीकडे बघत बसली. ज्या एका नावाने तिला दोन दिवस निर्दोष ठरवलं होतं, त्या बाईने तिचं ऐकलंच नव्हतं. सगळ्यांनी ऐकलं असतं तर खोट चार दिवसांत कळली असती. एकीने गुपचूप शहाणपणा केला, आणि बेरिल फसली. राग हेदरवर काढावा तर कसा? आयुष्यभर बेरिलसमोर लोक असेच गप्प बसले असतील काय, हा प्रश्न तिला पहिल्यांदाच पडला. कंपनीतल्या पोरी तिचं टेबल ओलांडताना पावलं हलकी करायच्या. तिला वाटायचं, तो आदर आहे.

दहा झाले. अकरावा, मार्केट हार्बरोचा पोस्टमन, फोन उचलेना. शुक्रवारी चार वेळा लावला, शनिवारी सकाळी दोनदा.

"पत्र जाईल की सोमवारी," एनिड म्हणाली. "पोस्टमनला पत्र नक्की मिळतं."

"आणि रविवारी त्याने गाडी काढली तर?"

एनिड उठली. अंड्याची सँडविचं केली, थर्मास भरला आणि बेरिलच्या छोट्या जुन्या गाडीत जाऊन बसली.

क्रेग फॅन्शॉ पस्तिशीचा, तांबड्या दाढीचा. गॅरेजचं दार उघडं होतं आणि तो टर्नस्टोनच्या पुढच्या चाकापाशी पालथा पडला होता. पेडलवर त्याने लाकडी ओंडका टेकवला होता आणि ओंडक्याला दोरी. एकट्याने हवा काढायची त्याची युक्ती. चेहऱ्यावर जागरण दिसत होतं.

"मिस्टर फॅन्शॉ? मी बेरिल टॅन्सली."

तो धडपडत उठला, हात पँटला पुसले. "शुद्धिपत्रवाल्या टॅन्सली? बापरे. माझं काय चुकलं?"

"तुझं काही नाही. पान सदतीस. पुस्तक बरोबर आहे, मी चूक आहे. हे जबडे काढ आणि इकडचा तिकडे लाव."

त्याने तिच्याकडे बघितलं, मग चाकाकडे, मग वाकून स्क्रूकडे. कुणीतरी कानाखाली मारावी तसा त्याचा चेहरा झाला. "खाली आहे तो," तो हळूच म्हणाला. "महिना झाला मी इथे पडलोय. बायको म्हणते एक तर गाडी ठेव नाही तर मला ठेव. फोन पण बंद करून टाकला, लोक विचारतात झाली का, झाली का." मग तो हसायलाच लागला, आणि हसता हसता फरशीवर बसला.

बेरिल हसली नाही. "पाना कुठे आहे?"

दीड तास लागला. उजवा जबडा डावीकडे गेला, डावा उजवीकडे, स्क्रू आभाळाकडे बघू लागले. मग दोरी आणि ओंडका बाजूला झाला आणि सहासष्ट वर्षांची बेरिल टॅन्सली लोखंडी नळ्यांवर पाय टाकून त्या सांगाड्यात उतरली. आपल्या घरी ती नेहमी चाकापाशी असायची, पेडल एनिडचं.

"दाबा," क्रेग म्हणाला.

"दाबलं."

फस्सकन मोठी हवा गेली. "अरे वा! सोडा. दाबा."

चौथ्या वेळी पेडल अर्ध्यावर थांबलं. सहाव्या वेळी बोटभर गेलं आणि तिच्या तळपायाखाली दगडासारखं उभं राहिलं. तिने दोन्ही हातांनी सीट धरून जोर लावला. हलेना. इतके दिवस आपण याच्यामागे होतो, आणि ते असं असतं तर. तिच्या स्वतःच्या गाडीचे जबडे घरी अजून उलटेच होते.

एनिड दारात सँडविच घेऊन उभी होती. "कस्टर्ड?"

"वीट," बेरिल म्हणाली.

क्रेगने आपलं पुस्तक आणलं. त्याला टाचलेल्या शुद्धिपत्रावर बेरिलने पान सदतीसची ओळ खोडली, बाजूला 'पुस्तक बरोबर' असं लिहिलं आणि सही केली. पुस्तक परत देताना तिने बघितलं, तो ते घेत नव्हता. एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता.

"काय?"

"काही नाही. म्हणजे, पान बावन्न. स्टिअरिंगचं. तिथलीही तुमची दुरुस्ती मला जरा... पण मी काही शिकलेला नाही त्यातलं. जाऊ द्या. चहा घेणार?"

ती दुरुस्ती बेरिलला पाठ होती, आणि ती बरोबर होती. तोंड उघडून तसं सांगायला ती निघालीच होती. तिने तोंड मिटलं, चष्मा काढून पुसला, परत लावला आणि जवळचा उलटा डबा ओढून त्यावर बसली.

"उघड पान बावन्न," ती म्हणाली. "आणि आधी तू सांग. मी मध्ये बोलणार नाही."

"बोलेल," एनिड दारातून म्हणाली. "पण तू सांग."